चष्मा काढल्यानंतरचा प्रश्न

पहिला फटका गुडघ्यामागे बसला आणि आल्हाद पागनीस नानाखेड्याच्या रस्त्यावर कोसळला. त्याच्या पहाटेच्या फिरण्याचा हा रोजचा रस्ता. तोंडाला फडकी बांधलेल्या तिघांपैकी दोघांनी त्याचे हात पाठीमागे पिरगाळले. तिसरा समोर उकिडवा बसला. त्याने आल्हादचा चष्मा उतरवला, काड्या मिटल्या आणि त्याच्याच खिशात ठेवला.

मग लोखंडी पाइप जबड्यावर आला. तोंडात दात आणि रक्त एक झालं. शुद्ध हरपताना आल्हादला एवढंच जाणवलं, की समोरच्याच्या बाहीला ओल्या रंगाचा वास येतो आहे.

चष्म्याचा अर्थ शहराला ठाऊक होता. 'जवाब दीजिए' या आपल्या टीव्हीवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात सर्वांत कठीण प्रश्नाआधी आल्हाद चष्मा काढून खिशात ठेवी. त्या क्षणी एका मंत्र्याने माइक उपटून फेकला होता. एका नेत्याने चालू प्रक्षेपणात त्याच्या थोबाडीत मारली होती; गालावर बोटं उमटलेली असतानाच आल्हादने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि त्या नेत्याचं तिकीट कापलं गेलं. या निवडणुकीला उभे असलेले माजी आमदार भय्यासाहेब मोकाशी भर सभेत म्हणाले होते, "पागनीसजी का चश्मा इस बार हम उतारेंगे!" लोक पोट धरून हसले होते.

आरोप मात्र हसण्यासारखा नव्हता. मोकाशींच्या कंपनीने बांधलेली धर्मशाळा कोसळून मजूर गाडले गेले होते. त्याचे पुरावे आल्हादला देणारा तरुण अभियंता विहंग क्षिप्रा नदीत मेलेला सापडला, हात बांधलेला. तेव्हापासून आल्हादची बायको निहारिका एकच गोष्ट सांगत होती.

"निवडणूक होईपर्यंत गप्प बस. विहंगच्या आईकडे बघवत नाही रे."

"मी गप्प बसलो, तर तो फुकट मेला," आल्हाद म्हणे.

इस्पितळात त्याचा जबडा तारांनी आवळला गेला. डॉक्टर निहारिकाला म्हणाले, "भाभीजी, वोटिंग तक तो ये बोलने से रहे." तिने भैरवगढच्या आपल्या कापड-छपाईच्या कारखान्यातली चादर त्याच्या अंगावर पांघरली आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपली, खुर्चीतच.

जाग आली तेव्हा आल्हाद पाटीवर लिहीत होता : मुलाखत होणार. प्रश्न मी लिहीन. मोठ्याने वाचतील मोकाशी.

"वेड लागलंय तुला," ती म्हणाली.

त्याने पाटी पुसून शेवटचा प्रश्न लिहिला. तो वाचताच ती उठून उभी राहिली. "हा नको. बाकी सगळे विचार, पण हा नको. पुरावा काय तुझ्याकडे?"

त्याने चष्म्याकडे बोट दाखवलं. मग लिहिलं : बाहीला रंगाचा वास होता. प्रचाराच्या भिंती रंगवत मोकाशींचीच पोरं फिरतायत.

"चष्म्यावरून माणसाला फासावर देतोस?" ती तळव्याने पाटी पुसू लागली. आल्हादने तिचा हात थोपटला. ती त्याच्यासाठी घाबरली आहे, हे त्याला कळत होतं.

मोकाशींना नकार देता आला नाही. न येणं म्हणजे कबुलीच झाली असती. टॉवर चौकात मंच बांधला गेला. समोर गर्दी, पोलीस मोजकेच. मोकाशी बसता बसता म्हणाले, "चलो, आज पहली बार पागनीसजी हमारी सुनेंगे!" हशा पिकला.

आल्हादने पाटी वर धरली. मोकाशींनी वाचलं, "धर्मशाला का सरिया कौन खा गया?" बांधकामातल्या लोखंडी सळ्यांच्या या प्रश्नाला उत्तर त्यांनी ठणकावून दिलं. पुढची पाटी विहंगची होती. "लड़के के हाथ..." मोकाशींचा आवाज अडखळला. "लड़के के हाथ किसने बाँधे?" त्यांच्याच तोंडून तो प्रश्न गुन्ह्याच्या कबुलीसारखा ऐकू आला. हशा केव्हाच थांबला होता.

आल्हादने चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. त्याने पाटी उचलली.

"मेरा जबड़ा किसने तोड़ा?" मोकाशींनी वाचलं, आणि मंचावर प्रथमच ते मराठीत बोलले. "आईशपथ, आल्हाद. बाकी जे असेल ते असेल, पण हे मी नाही केलं."

"झूठ!" कोणीतरी ओरडलं. खुर्ची भिरकावली गेली. कठडे मोडून माणसं मंचावर चढली आणि मोकाशींना कुर्त्याला धरून त्यांनी खाली ओढलं. झेंड्यांच्या काठ्या वरखाली होऊ लागल्या. आल्हाद 'थांबा' म्हणू पाहत होता. तारांमधून नुसता लाल फेस बाहेर आला. पायांच्या गर्दीतून मोकाशींचा हात एकदा वर आला. पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी निहारिका भैरवगढला गेली. कारखान्यात तिचा जुना कारागीर माधव हौदापाशी उभा होता, कोपरापर्यंत ओल्या रंगाने लाल.

"गेले मोकाशी," ती म्हणाली. "आता त्यांची माणसं आल्हादला शोधतायत."

माधवने हात पाण्यात बुडवले. बराच वेळ तो ते चोळत राहिला.

"भाभी, हमने तो चश्मे पर खरोंच तक नहीं आने दी," तो म्हणाला. "आपने कहा था न, आँख में काँच न जाए. पहले वही उतारकर जेब में रखा था."