चादरीखालचा माणूस

दवाखान्याच्या सहलीत दुपारी एक विनोदी खुनाचं नाटक होतं. प्रेताच्या कामाला प्रेक्षकांतला माणूस हवा होता. मोठ्या सिस्टरांनी आपल्या अबोल, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्यालाच पुढे ढकललं. तो मुकाट चादरीखाली जाऊन पडला.

"बाई, मयताचं एखादं गुपित सांगा की," नाटकातला हवालदार म्हणाला.

सिस्टरांची जीभ घसरली. "झोपेत अजून आईला हाका मारतात हो!"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. चादर जराशी हलली, आणि सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं नाटक त्यांनी मान खाली घालूनच ऐकलं.

नाटक संपून सभागृहातले दिवे लागले तेव्हा नवरा शेजारी येऊन बसलेला होता.

"चुकलंच माझं," त्या पुटपुटल्या. "माफ करा हं."

"अगं, कशाबद्दल?" तो खदखदून हसला. मग मागे वळून त्यानं तोच किस्सा पुन्हा रंगवून सांगितला, हाका मारून दाखवल्या. बावीस वर्षांच्या संसारात तो असा कधी हसला नव्हता.

रंगमंचावर हवालदार अजून चादरीपाशी वाकलेला होता. "उठा साहेब, संपलं नाटक."

चादरीखालून ओळखीचा, दबका आवाज आला, "ती गेली का?"