घोरण्याचा पुरावा

फोनमधलं सगळं उडालं असं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने सांगितलं, तेव्हा मला बायकोच्या, लताच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग आठवलं. "मी घोरतच न्हाई," म्हणायची, म्हणून पुरावा करून ठेवला होता. ती वारल्यापासून रोज दुपारी तेच लावून झोपत होतो.

नीटच्या क्लाससाठी लातुरात माझ्याकडे राहणाऱ्या नातीने, उर्वीने, लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर उघडून दिलं. पडद्यावर डबे आणि वायरी. जशा जोडाल तसा आवाज निघतो. मी तीस वर्षं वायरमन होतो. वायरीला हात लावायच्या आधी उठलो आणि घराचा मेन स्विच बंद करून आलो.

"आबा, चित्रातल्या वायरी हायत त्या," उर्वी हसत म्हणाली.

पहिल्या दिवशी लताच्या घोरण्याऐवजी पिठाची गिरणी निघाली, दुसऱ्या दिवशी म्हैस. आठव्या दिवशी शेजारच्या कस्तुराबाई दारातच थांबल्या. "लताच की हो ही," म्हणाल्या आणि तिथंच बसून ऐकत राहिल्या.

आता दुपारची झोप लागते.


आवाज बंद करायचं बटण तेवढं मी अजून जोडलेलं नाही.