बोकड का दोरी

नऊ वाजून गेले तरी बांबूच्या परांचीवर कोणी चढले नव्हते. राजारामपुरीतल्या त्या शाळेचा दुसरा मजला अर्धाच उभा होता. कालवलेला माल सुकत चालला होता आणि गवंडी, बिगारी, बाया वाळूच्या ढिगाभोवती बसून होत्या.

परवा याच परांचीवरून पिराजी गवंडी पडला आणि जागीच गेला. त्याला राधानगरीकडे त्याच्या गावी पोचवून माणसे काल परतली होती.

कंत्राटदार बाहुबलीअण्णांनी लॅम्ब्रेटा फाटकाशी लावली. "काय रे, माल वाळवणाला घातलाय व्हय?"

कोणी हसले नाही. सगळ्यांत जुना गवंडी अप्पा उठला. "अण्णा, जागा मागत्या. पायाभरणीला नुसता नारळ फोडलासा. तवाच म्या म्हणलं हुतं, नारळावर भागायचं न्हाय. तिनं तिचं घेतलं बघा. आता बोकड दिल्याबिगर कोण चढायचा न्हाय."

"अरे, नारळ दिला, पेढे दिले..."

"पेढं आमी खाल्लं की! जागंला काय मिळालं?"

आता मात्र हशा पिकला. अण्णाही हसले. माणूस वाईट नव्हता. पिराजीला न्यायला त्यांनी स्वतःचा ट्रक दिला होता आणि गावापर्यंत बरोबर गेलेही होते.

तेवढ्यात शालूबाई पुढे आली. ती पाट्या वाहायची. तिचा नवरा कृष्णात गवंडीकाम करायचा आणि पिराजीच्या जागी आज त्यालाच चढायचे होते. तिच्या हातात परांचीची तुटलेली दोरी होती. तिने ती चिमटीत धरून चुरगाळली, तसा काथ्याचा भुसा तळहातावर पडला.

"हे बघा, अण्णा. दोन पावसाळं खाल्ल्यात हिनं. वरच्या समद्या गाठी अशाच हाईत. आदी नवी दोरी आणा, मग चढवा माणसं."

"व्हय गं बाई, दोरी तुटली," अप्पा शांतपणे म्हणाला. "पर तोडली कुणी?"

"कुजली म्हणून तुटली."

"मग पिराजीच्याच पायाखाली कशी कुजली? आन् आवसंलाच?"

माना डोलल्या.

"बाकीच्या बी कुजल्यात," शालूबाई म्हणाली. "त्यांची आवस यायची हाय."

"शुभ बोल की गं!" एक बाई मागून ओरडली.

अण्णांनी घड्याळ पाहिले. "हे बघा, जूनच्या आत शाळा उभी करून द्यायची हाय. दोन्ही मला झेपायचं न्हाय. एक काय ते सांगा. बोकड का दोरी? बोकड म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात भराभर वर गेले. बायांचेही गेले. शालूबाईने कृष्णातकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. सगळ्यांचे वर झाल्यावर त्याचाही हात वर गेला. फार नाही, खांद्यापर्यंत.

"चारचौघांत बायकूचं ऐकलं म्हणत्याल," तो पुटपुटला.

दुपारी बोकड आला. "माझ्याच्यानं रक्त बघवत न्हाय," म्हणत अण्णांनी लॅम्ब्रेटाला किक मारली. "जेवण झालं की लगेच कामाला लागायचं बरं का!"

परांचीच्या पायथ्याशीच बोकड कापला. अप्पाने त्याचे रक्त वाटीत धरले, इमारतीच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडले. मग तो परांचीच्या एकेका कळकापाशी गेला आणि प्रत्येकाला रक्ताचे बोट लावले. एकही कळक सोडला नाही. मधला एक राहिला असे वाटले, म्हणून परत जाऊन पाहून आला.

तीन दगडांच्या चुलीवर रस्सा उकळला. माणसे जेवली, हसली. पिराजीला तिखट किती लागायचे, याचीही आठवण कोणीतरी काढली. शालूबाईने वाढले. स्वतः जेवली नाही.

बोकडाच्या गळ्यात नवी कोरी काथ्याची दोरी होती. ती चुलीपाशी पडली होती. शालूबाईने ती हौदाच्या पाण्यात धुतली, पिळली आणि परांचीपाशी आली. कृष्णात थापी कमरेला खोचून चढायला निघाला होता.

"अवो, थांबा. ही घ्या. एक गाठ तर नवी हुईल."

कृष्णातने आजूबाजूला पाहिले. कोणी बघत नव्हते. त्याने दोरी घेतली, हातावर मापली. दोन हात भरत होती.

"कुठली बांधू?"

शालूबाईने वर पाहिले. कळकाला कळक जिथे भेटत होता तिथे तिथे काळी पडलेली गाठ होती, थेट वरपर्यंत.

"तुमी उभं ऱ्हाताय तिथली."

कृष्णात पहिल्यांदाच हसला.

"येडी का खुळी तू? गवंडी एका जाग्यावर उभा ऱ्हातोय व्हय?"