एक आत, एक बाहेर

घसरगुंडी निम्मी पिवळी झाली आणि स्प्रे गन खोकली. दोन थेंब उडाले, त्यातला एक थेट वहिनीच्या नाकावर, आणि गन गप्प झाली. मागे ट्रेलरमधला जनरेटर त्याआधीच गप्प झाला होता. सकाळपासून हेच चाललं होतं.

बाग उद्या उघडायची होती. झोपाळे, घसरगुंड्या, लाकडी घोडे, सगळं रंगवून हवं होतं आणि माळी सारखा येऊन बघून जात होता. रंग मारायची वहिनी. तिच्या हातून कधी ओघळ यायचा नाही. तिला हवा पुरवायची दोघा भावांनी. थोरला तिचा नवरा. धाकटा तिचा दीर, तो तिला वहिनी म्हणतो म्हणून आपणही म्हणू.

ट्रेलरमध्ये पत्र्याचा एक बंद कप्पा होता. त्यात जनरेटर आणि त्याच्यावर चालणारा, गनला हवा देणारा कॉम्प्रेसर शेजारीशेजारी. धुराचा पाइप छतातून बाहेर काढलेला, पण उष्णता आतच कोंडायची आणि जनरेटर तापला की आपोआप बंद पडायचा. म्हणून थोरल्याने डाव्या बाजूला पत्रा कापून जुन्या गाडीचा पंखा बसवला. धाकट्याने त्याला न विचारता उजव्या बाजूला दुसरा बसवला. दोन्ही पंखे हवा आत ढकलायचे. आत गेलेली हवा बाहेर कुठून पडणार, याचा विचार बहुधा तिसऱ्या भावाने करायचा होता, आणि तिसरा भाऊ नव्हता.

मेकॅनिकने बघून सांगितलं होतं, "एक आत, एक बाहेर. कुणीतरी आपला पंखा उलटा बसवा. चार बोल्टचं तर काम आहे." पण ते करायचं कुणी? थोरला म्हणाला, मी मोठा. धाकटा म्हणाला, हवा लागेल हे आधी मी सांगितलं होतं. त्यावरून जी जुंपली, ती बोलणं बंद होऊनच थांबली. त्याला आता महिना होत आला होता.

"वहिनी, दादाला सांग, पंखा फिरव म्हणावं," धाकटा म्हणाला. दादा हातभर अंतरावर उभा होता.

"अगं, त्याला सांग, आधी मी बसवलाय."

"मग हेही सांग, एवढं काम झालं की कॉम्प्रेसर घेऊन मी वेगळा होणार. जनरेटर त्याला लखलाभ."

वहिनीने गन खाली ठेवली. वेगळं व्हायची भाषा आजवर घरात कुणी केली नव्हती. आज कॉम्प्रेसर, उद्या चूल. तिला वेगळं घर नको होतं. याच दोघांच्या कटकटीने भरलेलं घर हवं होतं.

"मी काही कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."

दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले. मग थोरला हात धुवायला गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. तो येऊन तोंडावर पंचा घेऊन आडवा झाला, तर धाकट्याला फोन आला. फोन वाजल्याचं कुणी ऐकलं नाही, पण तो ट्रेलरच्या पलीकडे जाऊन बोलत बसला. वहिनी झोपाळ्याच्या साखळ्यांना कागद गुंडाळत होती. तिचं काही तिकडे लक्ष नव्हतं.

जेवणानंतर सगळं पुन्हा सुरू झालं. घसरगुंडी कशीबशी पुरी झाली, आणि गन परत खोकली.

दोघं भाऊ जागच्या जागी उभे राहिले. हे कसं शक्य आहे, असा दोघांचाही चेहरा.

वहिनी हातातली कागदाची पट्टी घेऊन ट्रेलरकडे गेली. पंखे बॅटरीवर चालायचे, ते अजून फिरत होते. तिने नवऱ्याच्या पंख्यासमोर पट्टी धरली. ती आत ओढली जायच्या ऐवजी बाहेर फडफडली. म्हणजे यांनी फिरवला तर. तिला इतका आनंद झाला की ती दिराला सांगायला वळसा घालून पलीकडे गेली, आणि सहज म्हणून त्याच्या पंख्यासमोरही पट्टी धरली. तीही बाहेरच फडफडली.

वहिनी ट्रेलरच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"दोघांनीही फिरवलेत," ती कशीबशी म्हणाली. "आता आत हवा घ्यायला कुणीच नाही."

थोरल्याने धाकट्याच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याच्या खिशातून डोकावणाऱ्या पान्याकडे.

"तू कशाला फिरवलास? मी फिरवला होता ना," थोरला म्हणाला.

"मला काय स्वप्न पडलं होतं? सांगायचंस तरी."

"बरं, आता तुझा पहिल्यासारखा कर. माझा बाहेर राहू दे."

"अजिबात नाही. मी लहान, मी माघार घेणार."

"मोठ्याने घ्यायची असते, गाढवा. आणि तू तर कॉम्प्रेसर घेऊन चालला होतास ना?"

"जनरेटरशिवाय काय त्याला तोंडाने फुंकू? आण तो पाना इकडे."

"नाही देत जा."

आवाज चढत गेले. पान्याची ओढाओढ सुरू झाली. माळी हातातली झारी टाकून धावत आला.

"ताई, अहो, भांडण लागलंय तिथे. मध्ये पडा ना."

वहिनीने नाकावरचा वाळलेला पिवळा थेंब नखाने काढला आणि ती पायरीवर आणखी ऐसपैस बसली.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "महिन्याने बोलतायत एकमेकांशी."