बाळंतविडा

खारीनं शेंगदाणा दोन्ही हातांत धरून खाल्ला, तेव्हा तात्यासाहेब पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले होते. गुडघे कुरकुरत होते, पण उठवत नव्हतं.

"खाल्लं गं, आज सगळा खाल्ला!"

"खाईल नाही तर काय. एकवीस दिवस झाले," स्वयंपाकघरातून मनकर्णाबाई म्हणाल्या. "सोडा आता तिला."

जखम भरली होती. निम्मी शेपटी मात्र गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले होते, कशात तरी अडकून तुटलीय. तात्यासाहेब पडले कॉलनीचे अध्यक्ष. त्यांनी तो गुन्हा परस्पर शेजारच्या बोक्यावर टाकला आणि तीन आठवडे त्याला दिसेल तिथं हाकललं.

खार पिंजऱ्यात सदा एकाच बाजूला तोंड करून बसायची, खिडकीकडं. पिंजरा फिरवून ठेवला की तीही फिरायची.

येणारेजाणारे म्हणत, "तात्यासाहेब, मोठं पुण्याचं काम करताय." असं कुणी म्हटलं की तात्यासाहेब चष्मा पुसायला घेत. खार सापडली त्याच दिवशी सकाळी त्यांनी भिकनला हाकललं होतं, आणि ते काही पुण्यात मोडत नव्हतं.

भिकन म्हणजे कॉलनीचा वॉचमन. शेंद्र्याकडचा, मेंढरं राखणारा माणूस. गेटाजवळच्या पत्र्याच्या खोलीत एकटाच राही. बोलणं कमी, काम चोख. गल्लीतली कुत्री गेटाशी येऊन पडली की तिला "आली का माहेरवाशीण?" म्हणे आणि आपल्यातली अर्धी भाकरी घाली.

होळी होऊन गेली होती. त्या दिवशी तात्यासाहेब सहज घरामागं गेले, तर भिकन स्टुलावर उभा. कोपरापर्यंतचा हात त्यांच्या खिडकीतल्या कूलरच्या गवतात.

"मोटर काढतोस काय रे?"

भिकन दचकून खाली उतरला. त्यानं हात जोडले. "नाय साहेब. बाळंतीण हाय. दहा दिस तेवढं थांबा. लई नाजूक टाइम हाय."

"बाळंतीण असली म्हणून चोरी करायची?"

"चोरी नाय साहेब, आवो ऐका तर..."

तात्यासाहेबांना ऐकायची सवय नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला. चोर म्हणाले, हरामखोर म्हणाले, चार लोकांसमोर म्हणाले. तासाभरात भिकन वळकटी घेऊन गेटाबाहेर पडला. जाता जाताही वळून "दहा दिस, साहेब" म्हणाला.

डोकं तापलं होतं. तात्यासाहेबांनी घरात येऊन मोसमात पहिल्यांदाच कूलर लावला. तो जरा करकरला, मग नीट चालला. गार वाऱ्यात त्यांना छान झोप लागली. संध्याकाळी खिडकीखाली ही खार रक्तानं माखलेली सापडली.

त्या आठवड्यात कूलरला कसलासा वास येऊ लागला. गवत जुनं झालंय म्हणून मनकर्णाबाईंनी पाण्यात वाळ्याचं अत्तर घातलं.

मग एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "भिकनची बायको बाळंत झाली होती म्हणे?"

"म्हणत होता तसं."

"आणि सुवेरातल्या बाईच्या नवऱ्याचं काम घालवलंत? दहाच दिवस मागत होता ना?"

तात्यासाहेबांनी ताट बाजूला सारलं. एका अडल्या बाईसाठी माणसानं मोटर काढली असती, तरी काय बुडालं असतं? त्या दिवसापासून ते खारीला मलम लावायचे आणि मनात भिकनची माफी मागायचे. माफी मागायला खार सोपी होती, ती उलट बोलत नव्हती.

आज त्यांनी पिंजरा मागच्या अंगणात नेला. लाइट गेली होती, कूलर बंद होता. दार उघडताच खार झाडाकडं गेलीच नाही. भिंतीवरून थेट कूलरवर चढली. त्याच्याभोवती फिरली, गवत उकरलं, पुन्हा फिरली.

"गार हवेची सवय लागली बाईसाहेबांना," तात्यासाहेब हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "चल, आता खरं काम करून येऊ."

मनकर्णाबाईंनी बाळंतविडा बांधूनच ठेवला होता. कुंची, दुपटी, झबली, डिंकाचे लाडू.

शेंद्र्यापलीकडं एका वावरात मेंढरं बसवलेली होती. भिकननं त्यांना लांबूनच ओळखलं, पळत आला आणि घोंगडं अंथरलं. त्याची बायको बानाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचे केस निम्मे पिकले होते.

तात्यासाहेब बसले नाहीत. "भिकन, मला लाज वाटते रे. तोंड दाखवायची लाज वाटते. बाळंतीण आहे म्हणालास आणि मी ऐकलंसुद्धा नाही. आधी माफ कर, मग परत ये कामावर."

मनकर्णाबाईंनी गाठोडं सोडलं. "बाळ कुठंय? निजलंय का?"

बानाबाईनं कुंची हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. "कुनाचं बाळ, आक्का? आमाला लेकरू नाय झालं."

मनकर्णाबाईंनी तात्यासाहेबांकडं पाहिलं. मग भिकनला उमज पडली आणि त्याचा चेहरा फुलला.

"आवो साहेब, माझ्या घरात कुठली बाळंतीण! ती तुमच्या कूलरात व्हती. खार. गवतात घरटं केल्तं तिनं. चार पिल्लं व्हती, डोळंबी उघडलं नव्हतं. म्या हात घालून तेच बघत व्हतो." तो हसत होता. चोरीचा डाग गेल्यानं त्याला फार बरं वाटलं असावं. "म्या गेलो तरी घोर लागून राह्यला व्हता बघा. कूलर दहा दिस थांबूनच लावला ना, साहेब?"