आईच्या वाट्याचं बिस्किट

बिस्किटाला शेंबूड लागलेला तिला तिसऱ्या रांगेतूनही दिसला. तिच्या मुलाचा नव्हता, स्टेजवर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा होता. पण ती मुलगी हात नाचवत होती, आणि तिचा बरबटलेला हात जाऊन लागला नेमका त्याच्याच बिस्किटाला. आईने तोंडाला रुमाल लावला.

"आजपर्यंत आईबाबांनी तुम्हाला भरवलं ना?" बालवाडीच्या बाईंनी माइकवरून विचारलं. "आज आपला शेवटचा दिवस. आज तुम्ही त्यांना भरवायचं. आणि काय म्हणायचं?"

"थँऽऽक्यू!" स्टेजवर कालवा उठला.

थँक्यू म्हणे! ज्यांना अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही, त्यांनी आभार मानायचे. आणि समोर सगळे आईबाप मोबाइल वर धरून गहिवरायला तयार. तिला त्या हॉलचीच किळस आली होती. दाराची कडी चिकट, खुर्ची चिकट, कोपऱ्यातल्या खेळायच्या मातीत कुणाचे तरी केस. वर फिनेल आणि मूत यांचा मिळून एक वास, तो तर घरी गेल्यावरही नाकातून जात नसे.

रक्तलघवी तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. लोकांच्या थुंकीत काय काय असतं ते मायक्रोस्कोपला डोळा लावून दिवसभर बघायचं आणि घरी येऊन कुणाचं उष्टं खायचं? छे! घरात तिचा एकच कायदा होता, धुतल्याशिवाय काही तोंडात जायचं नाही. मुलाने चावलेल्या सफरचंदाची फोड कौतुकाने पुढे केली की ती "शी! टाक ते," म्हणायची आणि त्याचे हात नळाखाली धरायची. नवऱ्याने तिचं नावच जंतुबाई ठेवलं होतं.

"जंतुबाई, आज तरी नाक मुरडू नकोस," तो आता कानाशी पुटपुटला. "पोराचा हिरमोड होईल."

"नाही मुरडणार. डोळे मिटून गिळेन."

मुलं सुटली आणि हॉलभर नुसता राडा झाला. एक बाप लाळेने थबथबलेला तुकडा चघळत "वा, वा!" करत होता. त्या मुलीच्या आईने तर ते तसलं बिस्किट खाल्लं आणि वर तिचा पापाही घेतला. हिने मान फिरवली, श्वास रोखला आणि तोंड उघडून तयार राहिली.

तो आलाच नाही.

स्टेजवरून त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या बिस्किटाकडे, आणि बाजूच्या दारातून धूम ठोकली.

"लाजला असेल हो," मागची बाई म्हणाली. त्या आवाजातली कीव हिला झोंबली. मघाशी ज्या बिस्किटाने मळमळत होतं, तेच आता कुणीतरी तोंडातून काढून घेतल्यासारखं झालं. एवढा जीव टाकते मी ह्याच्यावर, आणि सगळ्यांदेखत एक घास देववला नाही? एकटाच कोपऱ्यात बसून खात असणार. ती उठली आणि तरातरा बाहेर गेली.

तो नव्हता व्हरांड्यात, नव्हता झोपाळ्यावर. शेवटी ती मुलांच्या मोरीपाशी आली, जिथे तिने वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. नाकाला रुमाल लावून तिने आत डोकावलं. फरशीवर पाण्याचं थारोळं, त्यात कुणाचा तरी ओला मोजा, बेसिनच्या कडेला बुळबुळीत शेवाळ. तो पालथ्या बादलीवर चढून नळाखाली हात धरून उभा होता. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. रडत होता, पण आवाज न करता.

"अरे, काय चाललंय तुझं इथे?"

तो दचकला. त्याने वळून ओंजळ पुढे केली. तिच्यात तपकिरी लगदा होता आणि लगद्यावर फेस.

"तिचा शेंबूड लागला होता," तो हुंदका गिळत म्हणाला. "तू शी म्हणाली असतीस. म्हणून धुतलं. दोनदा साबण लावला, आई. पण ते मोडलंच." मग अगदी हळू, "आता खाशील?"

बोटांच्या फटींतून लगदा गळत होता. थोडा बेसिनच्या कडेवर पडला होता, तोही त्याने पुन्हा गोळा करून घेतला.

तिच्या हातातला रुमाल कधी गळून पडला, तिला कळलं नाही. ती त्या थारोळ्यातच गुडघ्यांवर बसली आणि त्याची ओंजळ तोंडाशी धरली. साबण कडू जहर होता.

"थँक्यू," तो शिकवल्याप्रमाणे म्हणाला आणि हात पाठीमागे लपवू लागला.

"थांब," ती म्हणाली. "बोटांना अजून लागलंय. तेही दे."