बुंदीचा ताप

बुंदीच्या हिरड्या गुलाबी नव्हत्या. उकळून गाळलेल्या चहापत्तीचा रंग त्यांना आला होता, आणि वरच्या सुळ्यापाशी तो सगळ्यांत गडद होता. डॉ. गोमाशांनी अंगठ्याने मांजरीचा ओठ वर धरला होता. धनश्रीने एकदा पाहिलं आणि नजर टेबलाच्या कडेकडे वळवली.

"काय खाल्लं हिने?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं. "घरातली एखादी गोळीबिळी?"

"नाही," धनश्री म्हणाली. तेही दुसऱ्यांदा.

बुंदीचं तोंड सुजलं होतं, पंजे सुजले होते. श्वास घेताना सगळं पोट हलत होतं. प्रताप नगरातून दवाखान्यात येईपर्यंत शोभाताईंनी तिला आपल्या शालीत धरलं होतं. शोभाताई धनश्रीकडे भांडी-फरशी करायच्या. दोन वर्षांपूर्वी बुंदीला नालीतून काढून त्यांनीच घरात आणलं होतं.

"फिनेल असणार," ऋषिकेश म्हणाला. तो धनश्रीचा नवरा. गाडीतही त्याने हेच म्हटलं होतं. "काय करून राहिल्या तुम्ही शोभाताई? रोज सांगतो, झाकणभर टाका. तुम्ही फरशी नाही पुसत, बाटली रिकामी करता."

घरातलं फिनेल शनिवारीच संपलं होतं. नवीन आणायला शोभाताईंनी दोनदा आठवण करून दिली होती आणि धनश्री विसरली होती. चार दिवस फरशी साध्या पाण्याने पुसली जात होती. हे त्या दोघींनाच माहीत होतं.

धनश्री ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. थंडी सुरू झाली की कॉलनीतले लोक तिलाच विचारायचे. कुत्र्याला स्वेटर घालायचा का, पिल्लांखाली गोणपाट चालेल का, मांजर शिंकते तर काय करायचं. ती नीट विचार करून उत्तरं द्यायची. लोक म्हणायचे, मॅडमना विचारा, मॅडम अंदाजाने बोलत नाहीत.

आज सकाळीही ती अंदाजाने वागली नव्हती. बुंदी दोन दिवस शिंकत होती आणि अंग गरम लागत होतं. धनश्रीने थर्मामीटर लावला. एकशे एक पॉइंट आठ. आधी स्वतःचं वजन केलं, मग मांजरीला घेऊन केलं, वजाबाकी केली. चार किलो. लहान मुलांना किलोमागे पंधरा मिलिग्रॅम देतात, म्हणजे साठ. पाचशेची गोळी कुटून तिने कागदावर आठ सारखे भाग केले. एक भाग घेतला, त्यातली चिमूटभर पूड काढून टाकली आणि उरलेली दह्यातून बुंदीला चाटवली.

अकरा वाजता बुंदीचं तोंड सुजलं. तेव्हा कुठे तिने फोनवर शोधलं. एकशे एक पॉइंट आठ हा मांजरीचा ताप नव्हताच. निरोगी मांजरीचं अंग तेवढंच गरम असतं. आणि माणसाच्या तापाची ती गोळी मांजरीच्या शरीरात विष होते, अगदी थोडीसुद्धा. धनश्रीने हे दोनदा वाचलं. मग काय शोधलं होतं ते फोनमधून पुसून टाकलं.

तिला वाटलं होतं, डॉक्टर हिरड्या पाहतील आणि ओळखतील. तिला काही सांगावं लागणार नाही.

"हे पाहा मॅडम," डॉक्टर म्हणाले, "रंगावरून मला शंका गोळीचीच येते, पण तुम्ही नाही म्हणता. गोळी असेल तर तिचा उतारा वेगळा. तो मी ठेवत नाही, धंतोलीतून मागवावा लागतो. फिनेल असेल तर आधी अंग धुवायचं. ह्या हालतीत उगाच भिजवली, तर तेवढ्यानेच जाईल ती. मी काही पोलीस नाही बाप्पा. कोण चुकलं ते नका सांगू. पोटात काय गेलं तेवढं सांगा."

बुंदी एकदा खोल घरघरली.

शोभाताई पुढे आल्या. "लिवा साहेब. फिनेल. मीच जास्त टाकलं. ओल्या फरशीवरून चालली अन् पाय चाटले तिनं."

"नक्की?"

"नक्की जी. तुमाले नाव पायजे होतं ना? झालं मंग. आता टाइम नका घालवू."

"म्हटलं नव्हतं मी?" ऋषिकेश म्हणाला. "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"नाही येत. पैले इले वाचू द्या."

डॉक्टरांनी धनश्रीकडे पाहिलं, क्षणभर थांबले आणि मागे वळून कंपाउंडरला कोमट पाणी काढायला सांगितलं. आतल्या खोलीत नळ सुरू झाला. बादलीत पाणी पडू लागलं.

धनश्री शोभाताईंकडे पाहत होती. शोभाताई तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांचं एक बोट बुंदीच्या कानामागे हळूहळू फिरत होतं. त्यांना काही कळलेलं नव्हतं, कोणाची चूक झाकायचीही नव्हती. त्यांना फक्त औषध सुरू व्हायला हवं होतं.

कंपाउंडर बादली घेऊन आला. डॉक्टरांनी बुंदीला दोन्ही हातांनी उचललं.

"तिला भिजवू नका," धनश्री म्हणाली. आवाज वर्गात निघतो तसा स्पष्ट निघाला आणि त्याचीच तिला लाज वाटली. "शोभाताईंनी काही केलेलं नाही. सकाळी आठ वाजता मी तिला साठ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिलं."